चौतीस माणसं, पाचशे रुपये आणि रविवारी बंद असणारी खानावळ

फेब्रुवारीत रत्नागिरीला आमची ग्रंथालयवाल्यांची दोन दिवसांची परिषद झाली, शनिवार-रविवार, आणि आमच्या गटाच्या जेवणाचं बघायचं काम माझ्याकडे आलं. आलं म्हणजे मीच हात वर केला, कारण गटात रत्नागिरीत राहणारी मी एकटीच, बाकी सगळे लांजा, राजापूर, संगमेश्वर, गुहागर, खेड असे कुठून कुठून येणारे. एकूण चौतीस जण. परिषदेच्या फीमध्ये दोन्ही दिवसांचा चहा-नाश्ता आणि शनिवारचं दुपारचं जेवण होतं, बाकी शनिवार रात्र, रविवार दुपार आणि रविवारी परतीच्या वाटेवर खायला काय लागेल ते ज्याचं त्याने. आम्ही व्हॉट्सॲप ग्रुपवर आधीच ठरवून माणशी पाचशे काढले होते, म्हणजे माझ्या पर्समध्ये सतरा हजार रुपये आणि एक वही.

पाचशे हा आकडा काही जणांना कमी वाटेल, पण आमच्या गटात कोण कोण होतं ते सांगायला हवं. महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली जी ग्रंथालयं चालतात त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात आणि अनुदान त्या वर्गाप्रमाणे मिळतं. ड वर्ग म्हणजे गावातली अगदी छोटी वाचनालयं, एक खोली, दोन-तीन कपाटं, पेपरचं टेबल, आणि ते सगळं सांभाळणारा एकच माणूस, जो सकाळी शेतीचं बघतो नाहीतर कुठेतरी अर्धवेळ काम करतो आणि संध्याकाळी येऊन वाचनालय उघडतो. त्याला वर्षाचं जे हातात पडतं त्याला पगार म्हणायलासुद्धा जीभ वळत नाही. आमच्या चौतिसात असे बारा-तेरा जण होते. ही माणसं एसटीचं तिकीट काढून, घरचं काम टाकून, रत्नागिरीला येतात कारण त्यांना पुस्तकांबद्दल बोलायचं असतं. १८२८ साली सुरू झालेलं जिल्हा नगर वाचनालय ज्या शहरात आहे तिथे त्यांना यायचं असतं. तर त्यांना दोन दिवस नीट, पोटभर आणि सगळ्यांच्या बरोबर बसून जेवता यावं एवढंच माझं म्हणणं होतं.

आता शनिवारची रात्र.

सभागृह मारुती मंदिराजवळ. तिथून चालत सात-आठ मिनिटांवर एक मोठं हॉटेल आहे, नाव नाही घेत, एसी हॉल, चाळीस माणसं सहज बसतील. मी आठवडाभर आधी जाऊन बघून आले होते आणि मॅनेजर म्हणाला होता की या हो मॅडम, जागा आहे, काही प्रॉब्लेम नाही. मी तेवढ्यावर घरी आले. चूक माझीच झाली, कारण जागा आहे का हा एकच प्रश्न मी विचारला होता. किचनमध्ये त्या दिवशी किती जण असतील, एकदम चौतीस ऑर्डरी गेल्या तर किती वेळ लागेल, ठरलेली थाळी देणार की प्रत्येकाने मेन्यू बघून सांगायचं, यातलं मी काहीच विचारलं नाही.

आम्ही आठला पोचलो. मेन्यू कार्डं पाच. चौतीस माणसांत पाच कार्डं फिरतायत, एक वेटर कागदावर लिहून घेतोय, कोणी सुरमई थाळी, कोणी व्हेज थाळी, कोणी नुसती सोलकढी आणि भात, कोणी म्हणतं आधी काय काय आहे ते सांगा. मेन्यूत माशांच्या पुढे बऱ्याच ठिकाणी ए.पी.एस. लिहिलेलं होतं. म्हणजे माशाच्या आकाराप्रमाणे किंमत, किनाऱ्यावरच्या हॉटेलांत ही रीतच आहे आणि ती चुकीची पण नाही, कारण पापलेट रोज एका आकाराचं येत नाही आणि एका भावाचं तर नाहीच नाही. पण गटाने जेवताना हे तीन अक्षरांचं लिहिणं किती त्रास देतं ते मला त्या रात्री कळलं नाही, दुसऱ्या दिवशी कळलं. त्याचं पुढे सांगते.

पहिली थाळी आली तेव्हा नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. शेवटची पावणेदहाला. ज्यांचं आधी आलं ते थांबले, मग भात निवला, मग आम्हीच म्हटलं जेवा हो जेवा. राजापूरचे काका माझ्या समोर होते, साठीच्या पुढचे, ड वर्गाचं वाचनालय गेली कित्येक वर्षं सांभाळतायत, त्यांनी डाळभात मागितला. मला माहीत होतं ते मासे खातात. पण शनिवार होता, कोकणात बरेच जण शनिवार पाळतात, मारुतीचा वार, म्हणून मी काही बोलले नाही. आणि मोजताना लक्षात आलं की दोन जण कमी आहेत. चौतिसाचे बत्तीसच बसलेत. फोन केला तर म्हणाले आम्हाला भूक नाही ताई, आम्ही जरा फिरून येतो.

बिल आलं त्यात जवळजवळ पाचशे रुपये सर्व्हिस चार्ज म्हणून धरलेले. हे मात्र मला माहीत होतं, २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सांगितलंय की हॉटेलने सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावायचा नाही, द्यायचा की नाही ते गिऱ्हाइकाच्या मनावर, आणि दिल्ली हायकोर्टाने पण २०२५ मध्ये तेच उचलून धरलं. मी काउंटरवर जाऊन शांतपणे सांगितलं, त्यांनी काढून दिला, वाद झाला नाही. जीएसटी मात्र द्यायचाच असतो, साध्या रेस्टॉरंटला पाच टक्के. सगळं मिळून ९,९२० रुपये झाले. बत्तीस माणसं, म्हणजे माणशी ३१०. पाचशातले तीनशे दहा पहिल्याच जेवणात गेले आणि अजून दोन वेळा बाकी. वहीत लिहिलं, शिल्लक ७,०८०.

रात्री झोप लागली नाही हे खरं आहे. पैशाचं तर होतंच, पण ती दोन माणसं जास्त डोक्यात होती.

रविवारी पहाटे साडेसहाला स्कूटी काढली. माझ्या मनात होतं की आपण उगीच हॉटेल शोधत बसलो, खानावळ शोधायला हवी होती. दोन्हीत फरक आहे आणि तो गटासाठी फार महत्त्वाचा आहे. हॉटेल तुमची ऑर्डर आली की बनवायला घेतं, खानावळीत जेवण आधी बनतं आणि मग माणूस येतो. खानावळीला रोजचे मेंबर असतात, बँकेतली बाहेरगावची मुलं, कोर्टातले कारकून, कॉलेजची पोरं, महिन्याचे पैसे भरलेले, त्यामुळे किती माणसांचा भात लावायचा हे बाईला सकाळीच माहीत असतं. चौतीस माणसांना अर्ध्या तासात वाढणं हे तिचं रोजचं काम आहे.

रिक्षा स्टँडवर एक दादा गाडी पुसत होते, त्यांना विचारलं, दादा इथे चांगलं स्वस्त जेवण कुठे मिळेल, तर त्यांनी दोन हॉटेलांची नावं सांगितली, जी सगळेच सांगतात. मग मी विचारलं, तुम्ही स्वतः कुठे जेवता? ते हसले. म्हणाले आम्ही डबा आणतो ताई, पण ती कोर्टातली माणसं दुपारी खाली त्या गल्लीत उतरतात, तिथे बघा. हा प्रश्न कुठल्याही गावात विचारा, लोक स्वतः जिथे जेवतात ते ठिकाण आणि लोक पाहुण्यांना जे सांगतात ते ठिकाण, ही दोन वेगळी असतात.

पण गंमत अशी की शहराच्या मध्यावरच्या, ऑफिसांजवळच्या खानावळी रविवारी बंद असतात. मेंबरांना सुट्टी, म्हणून खानावळीला सुट्टी. मी माळनाका ते जयस्तंभ पट्ट्यात तीन बघितल्या, तिन्ही बंद. आणि परिषदा, संमेलनं, अधिवेशनं हमखास शनिवार-रविवारी असतात. म्हणजे ज्या दिवशी बाहेरची माणसं येतात त्याच दिवशी स्वस्त जेवणाची दारं बंद, आणि म्हणून सगळी गर्दी त्या चार महागड्या हॉटेलांत. हे मी इतकी वर्षं इथे राहून कधी लक्षातच घेतलं नव्हतं.

रिक्षावाल्या दादांनी सांगितलेली खानावळ ही तिसरी. घराचीच पडवी, चार टेबलं, सोळा माणसं बसतील एवढी. दार अर्धं लोटलेलं. आत वहिनी खाली बसून वालाची बिरडी सोलत होत्या, घरच्या जेवणासाठी. मोड आलेले कडवे वाल, एकेक दाणा चिमटीत धरून साल मागे ढकलायचं आणि पांढरा दाणा ताटलीत टपकन पडायचा, बोलताना पण त्यांचा हात थांबत नव्हता.

मी म्हटलं, वहिनी, आज जेवण मिळेल का.

"आज बंद गो. रविवार ना."

मी म्हटलं माणसं जास्त आहेत.

"किती?"

साधारण तीस-पस्तीस.

हात थांबला. "साधारण नको. नक्की सांग. तीसना वेगळा टोप लागतो आणि पस्तीसना वेगळा."

मी सांगितलं चौतीस, आणि रात्रीचं सगळं सांगून टाकलं, मेन्यू, तासाहून जास्त बघितलेली वाट, पैसे, ते दोन जण. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या चौतीस नक्की असतील तर लावते चूल, फक्त साडेआठच्या आत मला मासे खाणारे किती आणि न खाणारे किती ते कळायला पाहिजे, कारण नऊनंतर बाजारात गेलं तर रविवारच्या दिवशी हाताला काय लागेल सांगता येत नाही. रविवार म्हणजे सगळी रत्नागिरी मासे खाते, भाव चढलेले असतात आणि चांगला माल सकाळीच उचलला जातो, यात नवीन काही नाही.

मग त्यांनी हिशोब मांडला, आणि तो मी वहीत जसाच्या तसा लिहून घेतलाय कारण मला तो फार आवडला. तांदूळ चार किलो, कारण किलोला आठ-नऊ माणसं, कोकणातला माणूस भाताचा, त्याला भात कमी पडला तर जेवल्यासारखं वाटत नाही. चपात्या माणशी तीन, म्हणजे शंभर, साडेतीन किलो कणीक. मी म्हटलं तांदळाच्या भाकऱ्या करता येतील का, तर म्हणाल्या "सत्तर भाकऱ्या थापायच्या तर दोन बायका आणि दोन तवे जास्तीचे लागतील, गरम वाढता नाही यायच्या, गार भाकरी पाहुण्याला घालू नये." नारळ बारा, आठ सोलकढीला आणि चार कालवणाला. मी काळ्या वाटाण्याची आमटी म्हटलं तर त्यांनी मान हलवली, वाटाणे रात्रीच भिजत घालायला लागतात, आता सकाळी साडेसातला सांगून कसं होणार. त्याऐवजी मसुराची आमटी. कोबीची भाजी. आणि जे मासे खात नाहीत त्यांना बटाट्याची आणि सुरणाची कापं, रव्यात घोळवून तव्यावर, म्हणजे शेजारच्याच्या पानात तळलेला बांगडा आणि आपल्या पानात काहीच नाही असं नको.

हे शेवटचं त्यांनी स्वतःहून सांगितलं. मी काही बोलले नव्हते.

दर त्यांनी सांगितला, मासेवाल्यांना १७० आणि शाकाहारी १२०. योग्यच होता, कमीच होता. पण माझ्या डोक्यात रात्रीचे काका आले आणि मी विचारलं, वहिनी, सगळ्यांना एकच दर लावता येईल का, म्हणजे कोणी पैशाकडे बघून जेवण ठरवणार नाही. परिषदेच्या नोंदणीच्या यादीत आमच्यातले २२ मांसाहारी आणि १२ शाकाहारी होते. त्यांच्या दराने झाले असते ५,१८०. मी म्हटलं दीडशे सरसकट, ५,१०० होतात. त्या म्हणाल्या चालेल.

दोन हजार ॲडव्हान्स तिथल्या तिथे दिला. हे मी सगळ्यांना सांगेन, ॲडव्हान्स दिल्याशिवाय जेवण सांगून येऊ नका, त्या बाईने कोणाच्या जिवावर बाजार करायचा. आणि पावती आधी विचारून ठेवा, कारण काही संस्थांना प्रवास-जेवणाचा खर्च दाखवायला कागद लागतो. छोट्या खानावळी बऱ्याचदा जीएसटीमध्ये नसतात, २० लाखांच्या आतल्या उलाढालीला नोंदणीची सक्ती नाही, त्यामुळे त्यांनी जीएसटी लावायचाही नसतो, साधी सही-शिक्क्याची पावती पुरते. वहिनींकडे शिक्का नव्हता, त्यांनी वहीच्या पानावर लिहून सही करून दिली.

मग ग्रुपवर मेसेज टाकला. आज दुपारी घरगुती जेवण, दर सगळ्यांना सारखाच, काढलेल्या पैशांतूनच, वर एक रुपया द्यायचा नाही. बांगड्याचं कालवण आणि तळलेला बांगडा, किंवा कापं आणि भाजी. सव्वाआठपर्यंत फक्त "मासे" किंवा "शाकाहारी" लिहा.

उत्तरं आली ती मोजली, मासे २६, शाकाहारी ८.

यादीत बारा होते. चार जण इकडचे तिकडे झाले होते. त्यातल्या एक गुहागरच्या ताई, त्यांनी नोंदणीचा फॉर्म भरताना शनिवारच्या जेवणाचा विचार करून शाकाहारी लिहिलं होतं, त्या शनिवार पाळतात, ते सोडून द्या. बाकी तिघांचं मला काही कळेना. वहिनींना फोन करून सांगितलं की सव्वीस झाले, तुमचं नुकसान होतंय, फरक मी देते. तर म्हणाल्या "चार बांगड्यांनी काय होतंय, तू वेळेवर माणसं आण."

वेळेचं त्यांचं म्हणणं बरोबर होतं. जागा सोळाची आणि आम्ही चौतीस, म्हणजे दोन पंगती पाहिजेत. परिषदेत दुपारची सुट्टी एक ते सव्वादोन. वहिनींनी पडवीच्या पुढच्या अंगणात एक सतरंजी टाकली, शेजारच्यांच्या दोन बाकड्या आणल्या, आणि सतरा-सतरा बसवले. मी सकाळीच नावं वाचून दोन गट केले होते. ज्यांना गुडघ्याचा त्रास आहे आणि ज्यांचं दुपारच्या सत्रात बोलणं आहे ते पहिल्या पंगतीला, कारण सभागृहाकडून खाली उतरायला बरं वाटतं पण जेवून परत चढायचं म्हणजे फेब्रुवारीच्या उन्हात दम लागतो. आठ जणांना येताना-जाताना रिक्षा करून दिल्या, ते पैसे मी माझ्याकडून घातले, वहीत धरले नाहीत.

पहिली पंगत एक दहाला बसली आणि एक पस्तीसला उठली. पंचवीस मिनिटं. दुसरी पावणेदोनला.

त्या कालवणाबद्दल लिहायलाच पाहिजे. बांगड्याच्या कालवणात तिरफळं होती, ताजी नव्हे, वाळवलेली, हलकी ठेचलेली, ती जिभेला लागली की बारीक मुंग्या येतात आणि मग त्याच्यावर सोलकढीचा घोट घेतला की तोंड एकदम शांत. वहिनी स्वतः वाढत होत्या, त्यांची मुलगी आणि पुतणी दोघी पाण्याचे तांबे आणि चपात्या फिरवत होत्या. बांगडा ताजा होता, मी सकाळी बाजारात त्यांच्याबरोबर गेले होते, कल्ला उघडून आतला लाल रंग बघायच्या, पोटाला बोट दाबून बघायच्या, दोन टोपल्या सोडून तिसरीतून तीस उचलले. सव्वीस माणसांना तीस का, तर कोणी ना कोणी दुसरा मागतोच, आणि मागितल्यावर नाही म्हणायला लागू नये.

दुसरा मागणाऱ्यांत राजापूरचे काका होते. मी त्यांच्या बाजूलाच बसले होते. मी म्हटलं काका, काल शनिवार होता म्हणून तुम्ही डाळभात घेतलात ना.

ते म्हणाले, "शनिवार कसला, मी कुठे पाळतो. त्या कार्डावर आकडाच नव्हता लिहिलेला. तीन इंग्रजी अक्षरं. आता सगळ्यांच्या पैशातून जेवायचं आणि आपल्या माशाचे किती लागतील ते माहीत नाही, कोणाला विचारायचं? म्हटलं डाळभाताचा आकडा दिसतोय, तो घेऊया."

आणि एवढं बोलून ते काटे काढायला लागले.

जे दोघे शनिवारी गायब झाले होते ते पहिल्या पंगतीत जेवून गेले. त्यातल्या एकाशी मी नंतर चहाच्या वेळी बोलले. त्यांनी रात्री एसटी स्टँडजवळ वडापाव खाल्ला होता. पैसे तर आधीच भरलेले होते, मग का, म्हटल्यावर म्हणाले की ते हॉटेल बघून वाटलं पाचशात हे बसायचं नाही, मागाहून प्रत्येकी शंभर-दोनशे वर काढायला लागले तर सगळ्यांच्या समोर नाही म्हणता येणार नाही, त्यापेक्षा आधीच बाजूला झालेलं बरं.

मला हे ऐकून फार वाईट वाटलं. बिल वाढलं तर मी स्वतः घातले असते, पण ते त्यांना मी कुठे सांगितलं होतं. काढलेल्या पैशांच्या वर काही मागितलं जाणार नाही, हे एक वाक्य शनिवारी दुपारी ग्रुपवर टाकलं असतं तर ते दोघे आमच्याबरोबर बसले असते. रविवारी ते वाक्य टाकलं आणि चौतीसच्या चौतीस जेवले.

गटाचं जेवण ठरवताना लोक चव बघतात, दर बघतात, अंतर बघतात, ते बघायलाच पाहिजे, पण माणूस पैशाबद्दल मनात काय धरून बसलाय ते बघायचं राहून जातं. रत्नागिरीला तर पंगतीचं महत्त्व नव्याने सांगायला नको. आमच्यातले बरेच जण शनिवारी संध्याकाळी पतितपावन मंदिर बघून आले, भागोजीशेठ कीरांनी बांधलेलं, १९३१ साली सगळ्या जातींना उघडं झालेलं. त्या काळात सावरकर इथे स्थानबद्ध होते, आणि याच गावात सहभोजनं झाली, १९३३ मध्ये अखिल हिंदू उपाहारगृह निघालं, जिथे कोणीही कोणाच्या शेजारी बसून खावं. तेव्हा प्रश्न जातीचा होता. आमच्या गटात तो नव्हता, पण एकाच टेबलावर बसून एकाने सुरमई खायची आणि दुसऱ्याने कार्डावरचा आकडा बघून डाळभात, हे पण मला बघवत नाही.

रविवारी रात्रीचं सोपं झालं. काही जणांच्या एसटी संध्याकाळीच होत्या आणि लांज्याकडचे तासाभरात घरी पोचणार होते, त्यांना नको होतं. खेड-चिपळूणकडचे रात्रीच्या रेल्वेने जाणार आणि स्टेशन शहरापासून लांब, तिथे ऐन वेळी काय शोधणार. एकवीस जणांना पार्सल हवं होतं. वहिनींनीच करून दिलं, तीन चपात्या, बटाट्याची सुकी भाजी आणि लिंबाचं लोणचं, केळीच्या पानात आणि वर पेपर, सत्तर रुपये. उसळ मागितली होती एकाने, त्यांनी दिली नाही, प्रवासात गळते आणि आंबते. ओल्या काजूची उसळ पण दोघा-तिघांना हवी होती, फेब्रुवारीत रत्नागिरीत आलेल्या माणसाला ती हवीच असते, पण ओले काजू शेकड्यावर विकतात आणि सुरुवातीला दर फार असतो, गटाच्या हिशोबात ते बसत नाही. ज्याला खायची त्याने एकट्याने येऊन खावी, घरी ये म्हटलं मी त्यांना.

वहीचा हिशोब असा, सतरा हजारातून ९,९२० शनिवार, ५,१०० रविवार दुपार, १,४७० पार्सल, शिल्लक ५१०. ग्रुपवर विचारलं काय करायचं, सगळ्यांनी एकच लिहिलं, त्या दोन मुलींना द्या. पाचशे दिले. वहिनी नको नको म्हणत होत्या, मी मुलींच्याच हातात ठेवले. दहा रुपये वहीला चिकटवलेत, पुढच्या वेळच्या खात्यात.

तुमची अशी काही परिषद, शिबिर, गेट-टुगेदर इकडे असेल तर दोन-तीन गोष्टी. खानावळवाल्यांना निदान दोन दिवस आधी सांगा म्हणजे काळे वाटाणे, वाल भिजत पडतील आणि जेवणाला कोकणची चव येईल, आम्हाला ते मिळालं नाही. कॅलेंडर बघा, संकष्टी किंवा एकादशी आहे का, आमच्यासारख्या गटात संकष्टीला निम्मी माणसं उपासाची निघतात आणि केलेला भात राहतो. आणि जून-जुलैत येणार असाल तर ताज्या माशांची आशा ठेवू नका, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, मग हॉटेलात जे मिळतं ते बर्फातलं किंवा बाहेरून आलेलं आणि दर मात्र तोच.

आमची पुढची बैठक जुलैत आहे, चाळीस-बेचाळीस जण असतील. मी वहिनींना परवाच फोन केला. म्हणाल्या मासे नाहीत तर काय झालं, टाकळ्याची भाजी असेल, फणसाच्या आठळ्या घालून काळ्या वाटाण्याची आमटी करते, ज्याला पाहिजे त्याला सुक्या जवळ्याची चटणी. पाऊस असेल म्हणून अंगणात नाही बसता यायचं, तीन पंगती कराव्या लागतील, सुट्टी जास्त ठेवायला सांग तुमच्या लोकांना.

आणि आकडा शुक्रवारी संध्याकाळपर्यंत. नक्की.